आधी कागदावर उत्तर, मग संगणकावर: ठाणे-नवी मुंबईत बसून सीएफडी शिकायचे तर

वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भे आणि पुढे तळोज्यापर्यंत कारखान्यांचा जो पट्टा आहे, त्यात हवा, पाणी किंवा वाफ इकडून तिकडे न्यावी लागत नाही असे युनिट शोधून सापडणार नाही. वेल्डिंगचा धूर ओढणारे हूड, पावडर कोटिंगची भट्टी, रिअ‍ॅक्टरचे जॅकेट, कूलिंग टॉवर आहेतच, शिवाय ऐरोली-महापे भागात आता डेटा सेंटर आली आहेत. या सगळ्यांना कधी ना कधी सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स (वाहत्या हवा-पाण्याचे संगणकावरचे गणित), लागते. सॉफ्टवेअर चालवणारी मुले इथे पुष्कळ मिळतात. उत्तराखाली सही करणारी मोजकीच.

हा लेख सही करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. डिप्लोमा किंवा बीई झालेले आहे, बर्नोली आणि रेनॉल्ड्स नंबर पुसट आठवतात, नोकरी सांभाळून संध्याकाळचे तास-दोन तास काढता येतात, एवढे मी गृहीत धरतो. सीएफडी म्हणजे काय ते एका वाक्यात: जागेचे लहान लहान सेल करायचे आणि प्रत्येक सेलमध्ये आत किती आले, बाहेर किती गेले याचा वस्तुमान, संवेग आणि ऊर्जेचा हिशेब जुळवायचा. हिशेब संगणक करतो. काय विचारायचे आणि आलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही ठरवता.

म्हणून माझा एकच कडक नियम आहे. ज्या केसचे उत्तर कागदावर अंदाजाने काढले नाही, ती केस रन करायची नाही. आकडा चुकला तरी चालेल, पण रनच्या आधी तो वहीत लिहिलेला हवा. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये रेसिंग कारवरून लाल-निळी हवा वाहताना दाखवतात, त्यात नेमकी हीच वही नसते.

सामग्री

सॉफ्टवेअर ओपनफोम घ्या. ते मुक्त आहे, २००४ पासून सर्वांसाठी खुले आहे, आणि त्यात काहीही झाकलेले नाही. प्रत्येक बाउंड्री कंडिशन, म्हणजे कडांवर काय घडते याची अट, तुम्हालाच फाइलमध्ये लिहावी लागते. सुरुवातीला हे जाचक वाटते, पण शिकणे होते ते यातच. व्यापारी पॅकेजच्या विद्यार्थी आवृत्त्या मोफत मिळतात, त्यांत सेलच्या संख्येला मर्यादा असते. नोकरीत ते पॅकेज लागणार असेल तर नंतर महिनाभरात बटणे शिकता येतात.

ओपनफोमच्या दोन मुख्य शाखा आहेत, फाउंडेशनची आणि ओपनसीएफडीची. एक निवडा आणि तिलाच चिकटून राहा. फाउंडेशनच्या ११व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, सॉल्व्हरची, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची, मांडणी बदलली. जुन्या व्हिडिओत दिसणारी ‘सिम्पलफोम’ ही आज्ञा तिथे ‘फोमरन’ झाली आहे. नवशिक्यांचे निम्मे अश्रू या गोंधळापायी जातात. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) बसवून त्यात उबुंटू लिनक्स घेतले की पुरते, आणि चित्रे पाहायला पॅराव्ह्यू.

लॅपटॉप १६ जीबी रॅमचा असला तरी बरेच काही होते. दहा लाख सेलना साधारण एक ते दोन जीबी लागतात असा ढोबळ हिशेब धरा. रॅमच्या दोन पट्ट्या लावा, एक नको. हे काम प्रोसेसरच्या वेगापेक्षा मेमरीतून आकडे किती झपाट्याने येतात यावर अडते. जास्त कोअर विकत घेऊन वेग वाढत नाही अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा इथेच असते.

शिकवणारे दूर नाहीत. खाडीपलीकडे पवईला आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे. ओपनफोमचे मोफत शिक्षणसाहित्य तिथे मिळते. सिद्धांतासाठी एनपीटीईएल या आयआयटी-आयआयएससीच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरचा सीएफडीचा कुठलाही एक पूर्ण कोर्स धरा. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभ्याने व्हिडिओ पाहून मात्र हे येत नाही. वही-पेन्सिल घेऊन बसावेच लागते.

सिद्धांत वाचताना ‘सिम्पल’ नावाची पद्धत भेटेल. दाब आणि वेग एकमेकांवर अवलंबून असतात, ती गाठ सोडवणारी ही पद्धत १९७२ साली सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी मांडली. पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, मग आयआयटी मुंबईचे, मग लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे. आज जगातल्या बहुतेक सीएफडी पॅकेजच्या पोटात ही पद्धत किंवा तिची भावंडे आहेत. पुढच्या वेळी प्रेशर करेक्शनचे समीकरण डोक्यावरून गेले की एवढे आठवा आणि पुन्हा वाचा.

पहिली केस: झाकण सरकणारी पेटी

ओपनफोमसोबत ‘कॅव्हिटी’ नावाची केस येते. चौकोनी पेटी, बाजू ०.१ मीटर, वरचे झाकण सेकंदाला १ मीटर वेगाने सरकते, आतले द्रव गोल फिरते. जशीच्या तशी चालवली तर चित्र येते आणि लोक पुढे जातात. इथेच थांबा.

मूळ केसमध्ये श्यानता ०.०१ आहे, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले लांबी भागिले श्यानता) फक्त १०. ती ०.००१ करा, की तो १०० होतो. या आकड्याला घिया, घिया आणि शिन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली कोष्टके आहेत, आणि अजूनही जग त्यांच्याशी ताडून पाहते. पेटीच्या मध्यातून उभी रेघ मारा. तळापासून सुमारे ४५ मिलिमीटरवर द्रव झाकणाच्या उलट दिशेने सर्वांत जोरात वाहते, आणि तो वेग झाकणाच्या वेगाच्या ०.२११ पट असतो. तुमचा किती आला?

२० बाय २० सेलच्या जाळीवर थोडा फरक पडेल. मग ४० बाय ४० करा, ८० बाय ८० करा आणि फरक कसा आटतो ते वहीत लिहा. वाटेत दोन खड्डे आहेत. जाळी दुप्पट बारीक केली की टाइम स्टेपही (एका टप्प्यात पुढे सरकणारा वेळ) निम्मी करावी लागते. मूळ केसमध्ये सेल ५ मिलिमीटरचा आणि स्टेप ०.००५ सेकंदाची, म्हणजे एका स्टेपमध्ये द्रव बरोबर एक सेल ओलांडते, कुरँट नंबर १. स्टेप तशीच ठेवली तर तो २ होईल आणि रन फुटण्याची, म्हणजे आकडे बेफाम वाढून बंद पडण्याची, दाट शक्यता. दुसरा खड्डा असा की मूळ केस अर्ध्या सेकंदात थांबते. श्यानता कमी केल्यावर प्रवाह स्थिरावायला जास्त वेळ लागतो, तेव्हा शेवटची वेळ ५ सेकंदांपर्यंत न्या. ‘रन संपला’ आणि ‘प्रवाह स्थिर झाला’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी केस: सरळ डक्ट, आणि पास्कल का जुळत नाहीत

आता शॉपमधली वस्तू घेऊ. ३०० मिलिमीटर व्यासाचा गोल डक्ट, हवा सेकंदाला १२ मीटर. कागदावर आधी हे मांडा:

क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर, प्रवाह ०.८५ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे शॉपच्या भाषेत सुमारे १८०० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). रेनॉल्ड्स नंबर २ लाख ४० हजार, तेव्हा प्रवाह टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता. व्हेलॉसिटी प्रेशर (अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग, हवेची घनता १.२ धरून) ८६ पास्कल. गुळगुळीत नळीचा घर्षणांक ०.०१५ धरला तर मीटरला ४.३ पास्कल तोटा. जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याला ०.१५ मिलिमीटर खडबडीतपणा धरून घर्षणांक ०.०१८६ येतो, तोटा मीटरला ५.४ पास्कल.

मॉडेल म्हणून अख्खी नळी नको. पाच अंशांची पाचर घ्या, ओपनफोममध्ये तिला वेज म्हणतात. लांबी १५ मीटर, त्रिज्येच्या दिशेने ४० सेल, लांबीच्या दिशेने ५००. वीस हजार सेलची केस लॅपटॉपवर चहा होईपर्यंत संपते. टर्ब्युलन्सला के-ओमेगा एसएसटी मॉडेल वापरा. मेंटर यांनी ते १९९४ साली मांडले आणि औद्योगिक कामात पहिली पसंती आजही बहुधा त्यालाच असते.

भिंतीजवळचा पहिला सेल किती जाड असावा हा प्रश्न प्रत्येकाला अडवतो, आणि त्याचेही उत्तर आधी कागदावर निघते. घर्षणवेग म्हणजे सरासरी वेग गुणिले घर्षणांकाच्या आठव्या भागाचे वर्गमूळ. इथे तो ०.५२ मीटर प्रति सेकंद. वॉल फंक्शन (भिंतीजवळचा पातळ थर न सोडवता सूत्राने धरणे) वापरायचे तर सेलच्या मध्याचा वाय-प्लस (भिंतीपासूनचे अंतर गुणिले घर्षणवेग भागिले श्यानता) ३० ते ३०० मध्ये हवा. ५० धरला तर मध्य भिंतीपासून १.४ मिलिमीटरवर येतो, म्हणजे सेलची जाडी जवळपास ३ मिलिमीटर. वाय-प्लस १ हवा असेल तर हाच मध्य ०.०३ मिलिमीटरवर येईल आणि सेलची संख्या भडकेल. डक्टच्या दाबतोट्यासाठी त्याची गरज नाही. रन झाल्यावर वाय-प्लस छापून घ्या आणि अंदाजाशी ताडा.

इनलेटला टर्ब्युलन्स काय द्यायचा? तीव्रता ५ टक्के धरली तर ‘के’, म्हणजे टर्ब्युलन्सची ऊर्जा, येते ०.५४. भोवऱ्यांच्या लांबीचे माप व्यासाच्या ७ टक्के, म्हणजे २१ मिलिमीटर, धरले तर ओमेगा, म्हणजे ती ऊर्जा विरण्याचा दर, येतो साधारण ६४. हे दोन आकडे ट्युटोरियलमधून उचलून चिकटवायचे नसतात. तिथला व्यास वेगळा असतो आणि वेगही वेगळा.

रन झाला. शेवटच्या तीन मीटरमध्ये दाबाचा उतार पाहिला तर मीटरला ३.६ दिसतो. कागदावर ४.३ होते. इथे पुष्कळ जण जाळी बारीक करत बसतात. जाळीचा काही दोष नाही. ओपनफोमचे असंपीड्य (घनता बदलत नाही असे धरणारे) सॉल्व्हर दाबाला घनतेने भागून ठेवतात, फाइलमधले एकक पास्कल नसतेच. १.२ ने गुणले की ४.३. हवेत हा फरक २० टक्क्यांचा असल्यामुळे डोळ्यांवर येत नाही आणि अहवालात तसाच जातो. पाण्याच्या केसमध्ये तो हजारपट असतो, म्हणून निदान पकडला तरी जातो.

आणि ५.४ कुठे गेला? सॉल्व्हरला भिंत गुळगुळीतच वाटते. खडबडीतपणा वॉल फंक्शनमध्ये वेगळा द्यावा लागतो, आणि ०.१५ लिहून चार्टवरचा आकडा तंतोतंत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ती सूत्रे निकुराडझे यांच्या वाळू चिकटवलेल्या नळ्यांवर बेतलेली आहेत. पत्र्याच्या इतक्या बारीक खडबडीतपणाला ती फारसे जुमानत नाहीत. माझे मत विचाराल तर सरळ डक्टचा तोटा सरळ चार्टवरून घ्यावा. जिथे चार्ट मुका होतो, तिथेच सीएफडी वापरावी.

तिसरी केस: दोन बेंड लागोपाठ

चार्ट मुका होतो तो असा. समजा, एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये हूड धूर ओढत नाही. मालक विचारतात, ‘‘साहेब, ब्लोअर पाच एचपीचा टाकू का?’’ वर पाहिले तर छताच्या तुळईला वळसा घालायला दोन काटकोनी मायटर (तिरके कापून टोकदार जोडलेले) बेंड मारलेले, मध्ये जेमतेम ६०० मिलिमीटर सरळ तुकडा, आणि दुसऱ्या बेंडला लागून ब्लोअरचे तोंड.

एकट्या मायटर बेंडचा तोटा गुणांक, आत पाती नसतील तर, १.२ च्या आसपास असतो. ८६ पास्कलने गुणले की एका बेंडला १०४ पास्कल, दोघांचे २०८, म्हणजे २१ मिलिमीटर वॉटर गेज. व्यासाच्या दीडपट त्रिज्येचा गुळगुळीत गोल बेंड घेतला तर गुणांक ०.१५, दोघांचे मिळून २६ पास्कल. एवढे कागदावरच समजले आणि बहुतेक वेळा सल्लाही इथेच देता येतो: ब्लोअर राहू द्या, बेंड बदला. पण दोन बेंड दोन व्यासांच्या अंतरावर असले की गुणांकांची नुसती बेरीज चालत नाही. पहिल्यातून निघालेली हवा एका बाजूला चिकटून, पिळा घेत दुसऱ्यात शिरते. तोटा बेरजेपेक्षा कमी होईल की जास्त, हे दोन्ही बेंड एकाच पातळीत आहेत की आडवे-उभे, यावर अवलंबून असते. ब्लोअरला वाकडी हवा मिळाल्याने त्याचा दाब-प्रवाहाचा वक्र किती खाली येतो, तो प्रश्न आणखी निराळा. केस करायची ती यासाठी.

भूमिती फ्रीकॅड या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये काढा, तिची एसटीएल (त्रिकोणी पृष्ठांची) फाइल करा, ओपनफोमच्या ‘स्नॅपीहेक्समेश’ने जाळी विणा. पहिल्या बेंडच्या आधी १० व्यास आणि दुसऱ्याच्या नंतर १५-२० व्यास सरळ लांबी ठेवा, प्रत्यक्षात तिथे ब्लोअर असला तरी. आउटलेट बेंडला चिकटून ठेवले तर भोवऱ्यातली हवा आउटलेटमधून उलटी आत येते आणि दाबाचा आकडा बेभरवशाचा होतो. इनलेटला सपाट १२ मीटरऐवजी दुसऱ्या केसमधला पूर्ण विकसित वेग लावता आला तर उत्तम.

जाळी झाली की ‘चेकमेश’ चालवा. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेल काटकोनातून किती कलले) ७० अंशांच्या आत आणि स्क्यूनेस (सेल किती वाकडे) ४ च्या आत असावा. थोडे सेल बाहेर असतील तर ते कुठे आहेत ते पॅराव्ह्यूत बघा. मायटरच्या आतल्या कोपऱ्यावर असतील तर जाळी पुन्हा विणा, कारण सगळा तोटा तिथेच जन्मतो. लांबच्या सरळ भागात असतील तर सोडून द्या.

पहिले काहीशे इटरेशन (हिशेबाच्या फेऱ्या) अपविंडवर (सेलच्या कडेचा आकडा प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलवरून घेणारी पद्धत) चालवा, ते स्थिर असते. मग जास्त अचूक लिनियर अपविंडवर या. अपविंडवरच थांबलात तर पद्धत स्वतःहून प्रवाह पसरवते, भोवरा लहान दिसतो आणि बेंड आहे त्याहून सज्जन वाटतो. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली तफावत) किती खाली गेले यावर समाधान मानू नका. इनलेटवरचा सरासरी दाब प्रत्येक इटरेशनला छापत ठेवा. शेवटच्या काहीशे इटरेशनमध्ये तो एका पास्कलपेक्षा जास्त हलत नसेल आणि आत-बाहेरचा प्रवाह जुळत असेल, तर थांबा. दाब सारखा वरखाली होत राहिला तर तो बहुधा प्रवाहाचा स्वभावच असतो. मायटरमागचा भोवरा सुटत-धरत असतो. सरासरी घ्या, नाहीतर केस वेळेनुसार चालवा.

तोटा मोजताना बेंडच्या तोंडाशी दाब वाचू नका. आधीच्या आणि नंतरच्या सरळ भागातला दाबाचा उतार कोपऱ्यापर्यंत मागे-पुढे वाढवा आणि दोन रेघांमधले अंतर घ्या. आधी एकाच बेंडची केस करा. तिथे गुणांक १.२ च्या आसपास आला नाही तर दोन बेंडच्या केसला हातच लावू नका.

मग तीन जाळ्या. प्रत्येक दिशेने १.३ पट बारीक, म्हणजे सेल २.२ पट: ३ लाख, साडेसहा लाख, साडेचौदा लाख. हे करताना भिंतीजवळच्या थराची जाडी मात्र राखा, नाहीतर वाय-प्लस ३० च्या खाली घसरतो आणि जाळीसोबत भिंतीचे मॉडेलही बदलत जाते. तीन उत्तरांतला फरक आटत असेल तर तो फरक हीच तुमच्या आकड्याची खात्री. रोश यांनी १९९४ मध्ये यासाठी ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स दिला, त्याचे गणित एका एक्सेल शीटमध्ये मावते. फरक आटत नसेल तर सही करू नका.

आणि शॉपमध्ये पिटो ट्यूब आणि मॅनोमीटर (हवेचा वेग-दाब मोजण्याची साधने) घेऊन जा. १२ मीटरला ८६ पास्कल, म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर पाणी. मॅनोमीटरवर ते चारच दिसले तर वेग आठ मीटरच्या आसपास आहे, आणि तुम्ही चुकीच्या वेगाची केस सोडवत होता. बेंडपासून जमेल तितके लांब भोक पाडा. पत्र्याला भोक पाडू द्यायला मालक कुरकुरतील, पण ब्लोअरच्या किमतीशी तुलना करून दाखवली की देतात.

उष्णता आली की

डेटा सेंटरकडे जायचे असेल तर यानंतर. तिथलाही पहिला हिशेब कागदाचाच. १० किलोवॉटचे रॅक, हवा १२ अंशांनी तापू द्यायची, तर प्रवाह लागतो ०.६९ घनमीटर प्रति सेकंद, सुमारे १४६५ सीएफएम. जाळीदार फरशीतून त्या रॅकसमोर एवढी हवा येतच नसेल तर उरलेली हवा रॅक मागच्या गरम गल्लीतून ओढणार, हे रनशिवाय कळते. रन सांगतो ते कोणत्या रॅकच्या कितव्या खणात. अ‍ॅशरेने (वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) सुचवलेली मर्यादा रॅकच्या तोंडाशी १८ ते २७ अंश आहे, तेव्हा खोलीचे सरासरी तापमान नको, प्रत्येक रॅकच्या तोंडाचे कमाल तापमान काढा. बायॉयन्सीचा (गरम हवा वर चढते ते धरणारा) सॉल्व्हर हळू कन्व्हर्ज होतो, म्हणजे स्थिरावायला वेळ घेतो. आधी उष्णतेशिवाय प्रवाह स्थिर करून घेतला तर बराच त्रास वाचतो.

अहवाल

दोन पानांत बसवा. वर मालकाच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात, त्याखाली आकडा आणि त्याची खात्री, उदाहरणार्थ ‘अमुक पास्कल, जाळीमुळे कमी-अधिक इतके’. मग तीन जाळ्यांचे छोटे कोष्टक, मोजलेला वेग, आणि काय गृहीत धरले ते: घनता, गुळगुळीत भिंत, ब्लोअर मॉडेलमध्ये नाही. रंगीत चित्र एकच टाका, भोवरा दाखवणारे, आणि रंगपट्टीवर पास्कल लिहिताना १.२ ने गुणले आहे ना ते पाहा. नोकरीच्या मुलाखतीला जाताना हीच दोन पाने न्या.

केसचे सगळे फोल्डर ओपनफोमच्या आवृत्ती क्रमांकासह झिप करून ठेवा, हाताने केलेल्या हिशेबाचा फोटोही त्यातच टाका. सहा महिन्यांनी मालकांचा फोन येतो, ‘‘साहेब, तोच डक्ट, फक्त साडेतीनशेचा करतोय.’’